मिड-इंजिन गाडी सतत फिरते? एसीसीमध्ये फेरारी ४८८ जीटी३ मोंझावर चालवायची कशी, क्रमाने

फेरारी ४८८ जीटी३ ही शर्यतीची गाडी निवडली, मोंझाचा ट्रॅक लावला, आणि दुसऱ्या शिकेनमधून, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांतून, बाहेर पडताना गाडी गर्रकन फिरली. मग ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी मदत) वाढवला, कुठूनतरी सेटअप, म्हणजे गाडीच्या जुळवणीची फाइल, उतरवला, मागची विंग चढवली. गाडी तरीही फिरतेच. असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा रेसिंग गेम, म्हणजे एसीसी, खेळणाऱ्या बहुतेक नवख्यांची गाडी इथेच अडते, कारण ते उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. सेटअप ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. गाडी फिरते ती बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदापूर्वी ब्रेकवरून पाय चुकीच्या पद्धतीने उचलल्यामुळे किंवा थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, मध्येच सोडल्यामुळे.

खाली दिलेला क्रम मोडू नका. एका टप्प्याची तपासणी पार पडल्याशिवाय पुढच्या टप्प्याला गेलात, तर नंतर चूक नेमकी कुठे आहे ते सापडत नाही.

## गाडी अशी का वागते, एवढं आधी समजून घ्या

४८८ चं इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे बसतं. रस्त्यावरच्या ४८८ जीटीबीचं ५८.५ टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली: जड भाग गाडीच्या मध्याजवळ असल्याने गाडी चटकन वळते, आणि तितक्याच चटकन स्वतःभोवती फिरते. पुढे इंजिन असलेल्या गाडीत शेपूट सुटायला लागल्याची जाणीव व्हायला जेवढा वेळ मिळतो, तेवढा इथे मिळत नाही.

दुसरी: पुढची चाकं हलकी असतात. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढचे टायर रस्त्याला चिकटतात आणि नाक आत वळतं. पण त्याच वेळी मागची चाकं हलकी होतात. म्हणजे ज्या ब्रेकमुळे गाडी वळते, त्याच ब्रेकमुळे ती फिरतेही. या दोन टोकांच्या मधला दाब पायाला ओळखता येणं, हेच शिकायचं आहे.

हीच पद्धत ऑडी आर८ एलएमएस, लॅम्बोर्गिनी हुराकान आणि मॅक्लारेन ७२०एस या गाड्यांनाही लागू होते. पोर्श ९११ जीटी३ आर या यादीत येत नाही. तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं आणि तिची तऱ्हा वेगळी आहे. ‘इंजिन मागे म्हणजे सगळ्या सारख्याच’ असं समजून पोर्शच्या सवयी फेरारीत आणू नका.

## टप्पा १ : खुर्ची, पेडल, स्टिअरिंग चाक

चाकं लावलेल्या ऑफिसच्या खुर्चीवर बसून ब्रेक शिकता येत नाही. जोरात ब्रेक दाबला की खुर्ची मागे सरकते. मग पाय नकळत दाब कमी करतो आणि प्रत्येक लॅपला ब्रेक वेगळा लागतो. खुर्ची भिंतीला टेकवा किंवा साधी चार पायांची खुर्ची घ्या. पेडलचा सेट पुढे सरकत असेल तर त्याच्या आणि समोरच्या भिंतीच्या मध्ये लाकडी फळी अडकवा. ही किरकोळ बाब वाटते, पण लॉजिटेक जी२९ किंवा जी९२३ हे स्टिअरिंग चाक टेबलावर लावून खेळणाऱ्यांचे निम्मे त्रास इथून सुरू होतात.

पुढचं काम गेमच्या कंट्रोल्स पानावर:

१. चाकाच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरण्याचा कोन ९०० अंश ठेवा आणि एसीसीमधल्या स्टिअर लॉकमध्येही ९०० च लिहा. प्रत्येक गाडीचा खरा कोन एसीसी स्वतः लावून घेतं. ४८८ चा एकूण कोन ४८० अंशांचा आहे, म्हणजे एका बाजूला २४०. हे चाक झटपट वळतं, त्यामुळे हाताची छोटी हालचालसुद्धा मोठी ठरते.

२. ब्रेकचा डेडझोन, म्हणजे पेडलचा सुरुवातीचा निष्क्रिय भाग, २ ते ३ टक्के ठेवा. पाय पेडलवर नुसता टेकला तरी ब्रेक लागत असेल, तर सरळ रस्त्यावर वेग कमी होतो आणि वळणात मागची चाकं विनाकारण हलकी होतात.

३. ब्रेक गॅमा १ असेल तर पेडल जितकं दाबाल तितका ब्रेक सरळ प्रमाणात वाढतो. आकडा वाढवला की पेडलच्या सुरुवातीच्या भागात बारीक ताबा मिळतो. पाचव्या टप्प्यात हाच भाग लागणार आहे, म्हणून १ वर जमत नसेल तर थोडं थोडं वाढवून पाहा.

४. फोर्स फीडबॅकचा गेन, म्हणजे चाकातून हाताला जाणवणाऱ्या जोराचं प्रमाण, जी२९ सारख्या चाकावर ७० च्या आसपास ठेवून सुरुवात करा. पेडलच्या पट्ट्यांशेजारी फीडबॅकची पट्टी असते. कुर्वा ग्रांदेच्या लांब, वेगवान उजव्या वळणात ती सतत लाल राहत असेल तर गेन खाली आणा. पट्टी लाल असताना टायर घसरू लागल्याचा इशारा चाकातून हाताला मिळतच नाही.

तपासा: पडद्यावरचं चाक आणि तुमच्या हातातलं चाक सारखंच फिरतं का? पूर्ण जोर लावल्यावर ब्रेकची पट्टी १०० पर्यंत जाते का? मांडी न दुखता ती दहा वेळा तिथपर्यंत नेता येते का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे जाऊ नका.

गेमपॅडवर खेळत असाल तर ब्रेक आणि थ्रॉटल ट्रिगरवरच ठेवा, बटणांवर नको. बटणाला ० आणि १०० एवढे दोनच आकडे कळतात, आणि मिड-इंजिन गाडी चालते ती मधल्या आकड्यांवर.

## टप्पा २ : गेमच्या मदती, आणि त्यांतली एक फसवी

असिस्ट्सच्या पानावर स्टॅबिलिटी कंट्रोल नावाची टक्केवारी असते. ती बऱ्याच जणांकडे चढलेली असते आणि त्यांना ते माहीतही नसतं. ही मदत खऱ्या गाडीत नाही, गेमने दिली आहे. ती गाडीचं शेपूट धरून ठेवते, चुकीचा ब्रेक आणि चुकीचा थ्रॉटल झाकते. मग एखाद्या ऑनलाइन सर्व्हरवर ती बंद असते आणि पहिल्याच वळणावर गाडी फिरते.

एकदम शून्यावर आणू नका. १०० असेल तर ५०, मग २०, मग ० अशी उतरा, आणि प्रत्येक पायरीवर किमान दहा लॅप करा.

एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे टीसी, ही मात्र खऱ्या जीटी३ गाडीतही असतात. ती बंद करण्यात काही मर्दुमकी नाही. सेटअपच्या पानावर ‘सेफ’ नावाचा प्रीसेट आहे, तो उघडा आणि त्यातले आकडे तसेच ठेवा. टीसी एक-दोनने वाढवला तरी चालेल. आकडा जितका मोठा, तितकी मदत जास्त. ‘ॲग्रेसिव्ह’ प्रीसेट आत्ता नको.

एबीएस, टीसी आणि ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी) कमी-जास्त करायची बटणं चाकावर लावून ठेवा. पुढे लागतील.

## टप्पा ३ : टायरचा दाब

हा टप्पा वगळून केलेला सराव वाया जातो. टायर जास्त फुगलेले असतील तर गाडी कशीही चालवली तरी घसरणारच, आणि तुम्ही दोष पायाला द्याल.

एसीसीच्या १.९ आवृत्तीपासून कोरड्या रस्त्याच्या स्लिक टायरना गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआय दाब लागतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत तो २७.३ ते २७.९ होता. जुन्या सेटअप फाइलमधले दाब आज चुकतात ते यामुळे.

सराव सत्र कोरड्या हवामानात, स्थिर तापमानावर लावा. हवेचं तापमान मधेच बदललं तर हिशोब बिघडतो. इंधन ३० लिटर घाला. मग:

१. चार लॅप अंगाबाहेर जोर न लावता करा. घसरत चालवलेल्या गाडीचे टायर जास्त तापतात आणि आकडे खोटे येतात.
२. चौथ्या लॅपच्या शेवटी चारही टायरचे दाब वाचून कागदावर लिहा.
३. प्रत्येक टायरचा दाब २६.५ पासून किती लांब आहे ते काढा.
४. पिटमध्ये जाऊन तेवढाच फरक थंड दाबात करा. डावा पुढचा २७.३ आला असेल तर त्याचा थंड दाब ०.८ ने कमी.
५. पुन्हा चार लॅप करा आणि पुन्हा वाचा.

मोंझा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालतं आणि त्याची लांब वळणं उजवीकडची आहेत. त्यामुळे डावे टायर जास्त तापतात. चारही टायरना एकच थंड दाब दिलात तर डावे वर जातात आणि उजवे खाली राहतात. बाजूंचे आकडे वेगळे असणं बरोबरच आहे.

हवेचं तापमान १ अंशाने चढलं की दाब साधारण ०.१ पीएसआयने चढतो. सत्र २२ अंशांवर आणि शर्यत २८ अंशांवर असेल तर थंड दाब ०.६ ने खाली घ्यावा लागेल.

सावध: ब्रेक डक्ट, म्हणजे ब्रेक थंड करणारी हवेची वाट, बदलला की टायरचा दाबही बदलतो, कारण ब्रेकची उष्णता रिममधून टायरला पोहोचते. डक्टला हात लावलात तर हा टप्पा पहिल्यापासून करा.

## टप्पा ४ : सरळ रेषेत ब्रेक

आता गाडी. पण वळायचं नाही, नुसतं थांबायचं.

मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी पहिली शिकेन येते, वारियान्ते देल रेत्तिफिलो. तिच्या आधी अंतराच्या पाट्या आहेत. पहिले पाच लॅप २०० मीटरच्या पाटीवर ब्रेक दाबा. गाडी लवकर थांबेल, थांबू द्या. मग प्रत्येक वेळी ब्रेक दहा मीटर उशिरा लावत जा, पुढचं वळण चुकायला लागेपर्यंत. तिथून दहा मीटर मागे या. ती तुमची खूण.

दाब झटक्यात नको, पण रेंगाळतही नको. पाव सेकंदात ९० टक्क्यांपर्यंत पोहोचा. मोंझावर गाडी सर्वांत वेगवान असते ती इथेच, आणि त्या वेगाला विंग आणि डिफ्यूझर (गाडीच्या मागच्या बाजूचा, खालचा हवेचा मार्ग) गाडीला खाली दाबून धरतात, म्हणून सुरुवातीलाच सर्वांत मोठा ब्रेक सहन होतो. वेग उतरला की तो दाब कमी होतो आणि तोच ९० टक्के ब्रेक आता जास्त ठरतो. एबीएस सतत धडधडत असेल तर ५ ते १० टक्के कमी दाबा.

गिअर उतरवण्याची घाई हे मिड-इंजिन गाडी फिरण्याचं एक लपलेलं कारण आहे. इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांना मिळतो. ब्रेक दाबताच तीन-चार गिअर फटाफट उतरवले की मागच्या चाकांवर ब्रेकचा आणि इंजिनाचा असे दोन भार एकदम येतात, तेही ती हलकी झालेली असताना. सहाव्यातून दुसऱ्यापर्यंतचे चार उतार ब्रेकिंगच्या संपूर्ण अंतरात वाटून घ्या. शेवटचा उतार स्टिअरिंग वळवण्याच्या आधी संपलाच पाहिजे.

तपासा: सलग पाच वेळा एकाच पाटीवर ब्रेक लागतो, गाडी सरळ राहते, स्टिअरिंग थरथरत नाही. हे जमलं की पुढे.

## टप्पा ५ : ब्रेक सोडणं

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. इथे दोन दिवस गेले तरी जाऊ द्या.

ब्रेक दाबण्याबद्दल सगळे बोलतात. गाडी वळते किंवा फिरते ते मात्र ब्रेक सोडण्यावर ठरतं. सरावाला लेस्मोचं पहिलं वळण घ्या. मध्यम वेगाचं, उजवीकडचं, साधारण तिसऱ्या गिअरचं. वेग नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा आणि तीन गोष्टी मुद्दाम करून पाहा.

पहिला प्रयोग. ब्रेक सरळ रेषेतच पूर्ण सोडा आणि मग वळवा. नाक रुंद जाईल, गाडी बाहेरच्या कडेकडे ओढली जाईल. पुढच्या चाकांवर वजनच उरलं नाही. याला ‘अंडरस्टिअरवाली गाडी’ म्हणून लोक सेटअप बदलतात.

दुसरा प्रयोग. ४० टक्के ब्रेक तसाच धरून वळणाच्या मध्यापर्यंत जा. शेपूट बाहेर येईल. बहुधा गाडी फिरेल. फिरू द्या, आणि ती कोणत्या क्षणी सुटली ते पायाला लक्षात ठेवू द्या.

तिसरा प्रयोग. वळवायला सुरुवात करताना ब्रेक ४० टक्क्यांवर आणा. स्टिअरिंग जसजसं वळत जाईल तसतसा ब्रेक उतरवा. ॲपेक्स, म्हणजे वळणाचा सर्वांत आतला बिंदू, येईपर्यंत तो ५ किंवा शून्य. विहिरीच्या रहाटावर एक बादली खाली जाते तशी दुसरी वर येते, तसंच: हात वळवतोय तेवढाच पाय उचलतोय. दोन्ही एकाच दोराला बांधलेले.

यात सर्वांत अवघड असतात ते शेवटचे १५ टक्के. तिथपर्यंत बरोबर आलेला पाय शेवटी ‘झालं एकदाचं’ म्हणून झटकन उठतो. वजन एकदम मागे जातं, पुढची पकड सुटते आणि ॲपेक्स एक मीटरने हुकतो. मग चालक स्टिअरिंग आणखी वळवतो, टायर घासतो, आणि बाहेर पडताना थ्रॉटल दिला की इतक्या वळलेल्या चाकांवर गाडी फिरते. चूक ब्रेकची असते, दिसते मात्र थ्रॉटलची. म्हणूनच टीसी वाढवून ती जात नाही.

शेवटचा भाग पेडलवरून टाच न उचलता, फक्त बोटांच्या मुळाशी दाब कमी करत सोडा. पायात जाड तळव्याचे बूट नकोत. मोजे किंवा अनवाणी बरं.

वळणागणिक सोडण्याची लांबी बदलते. रेत्तिफिलोच्या घट्ट शिकेनमध्ये बहुतेक ब्रेक सरळच लागतो आणि ब्रेक वळणात ओढत नेण्याचा भाग थोडका असतो. पाराबोलिकात, म्हणजे २०२१ पासूनच्या कुर्वा आल्बोरेतोत, सुरुवात घट्ट आणि पुढे मोकळी असल्याने हलका ब्रेक आतपर्यंत जातो. तिथे १५० च्या पाटीपासून सुरुवात करा आणि पहिल्याच कर्बचा, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याचा, मोह टाळा. लवकर आत शिरलात तर बाहेर पडताना रस्ता अपुरा पडतो, मग थ्रॉटल सोडावा लागतो, आणि त्या वेगात थ्रॉटल सोडणं म्हणजे फिरणंच.

तपासा: सत्र थांबवून रिप्ले पाहा. ब्रेकची पट्टी उतरताना पायऱ्या दिसतात की सलग उतार? पायऱ्या असतील तर पाय अजून अडखळतो आहे.

## टप्पा ६ : थ्रॉटल

ब्रेक शून्यावर आल्यावर ताबडतोब थ्रॉटल देऊ नका, आणि दोन्ही पाय उचलून नुसतं वाहतही जाऊ नका. १० ते १५ टक्के थ्रॉटल गाडीला सपाट ठेवतो. वेग वाढत नाही, पण वजन मागच्या चाकांवर पुरेसं परत येतं आणि शेपूट शांत होतं.

मग रहाट उलटा फिरतो. स्टिअरिंग सरळ होईल तसा थ्रॉटल वाढवा. घट्ट वळणात चाक निम्मं सरळ होईपर्यंत ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका.

४८८ च्या ३.९ लिटर व्ही८ ला दोन टर्बो आहेत. टर्बो भरला की जोर अचानक वाढतो, पाय तेवढाच असला तरी. खालच्या गिअरमध्ये हा जोर जास्त धक्क्याने चाकांवर येतो. म्हणून रोज्जा या दुसऱ्या शिकेनमधून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना गाडी वळवळत असेल तर तिसरा टाकून पाहा. आवाज मंदावेल, सुरुवातीला वेळ हरवल्यासारखं वाटेल, पण लेस्मोच्या आधीचा वेग पाहा. ऑडी आणि लॅम्बोर्गिनीच्या ५.२ लिटर व्ही१० ला टर्बो नाही, तिथे जोर पायाच्या प्रमाणातच येतो आणि खालचा गिअर चालून जातो.

एक नियम काटेकोर पाळा: एकदा दिलेला थ्रॉटल परत घ्यायचा नाही. देऊन परत घ्यावा लागला याचा अर्थ तो लवकर दिला. पुढच्या लॅपला अर्धा सेकंद थांबा. थांबून दिलेला एकच सलग थ्रॉटल हा लवकर देऊन सोडलेल्या थ्रॉटलपेक्षा वेगवान असतो, आणि सुरक्षितही. लेस्मोच्या दुसऱ्या वळणाबाहेर हे सर्वांत स्पष्ट दिसतं. तिथे घाई केली की एकतर ट्रॅकची हद्द ओलांडून लॅप रद्द होतो, नाहीतर मधेच पाय उचलल्याने गाडी आतल्या बाजूला झेपावते.

## टप्पा ७ : आस्कारी

डावं, उजवं, डावं. तीन वळणं, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. दिशा बदलताना वजन एका बाजूहून दुसरीकडे जातं. मिड-इंजिन गाडी हे फार पटकन करते आणि पहिला झोका शांत होण्याआधी दुसरा सुरू झाला तर दोन्ही एकत्र होतात.

पहिलं डावं वळण मुद्दाम थोडं हळू घ्या. आतल्या कर्बवर टायरची कड जाऊ द्या, पूर्ण चाक नको. त्यानंतर उजवीकडे जाताना हात एका झटक्यात न फिरवता मध्ये क्षणभर सरळ थांबवा. हा थांबा इतका छोटा असतो की रिप्लेमध्येही जेमतेम दिसतो, पण गाडी त्यात सावरते. मधल्या भागात थ्रॉटल स्थिर, २० ते ३० टक्के. पाय पूर्ण उचलायचा नाही. जोर शेवटच्या डाव्यानंतर, स्टिअरिंग सरळ व्हायला लागल्यावर.

## टप्पा ८ : शेपूट सुटलंच तर

सुटणारच. तेव्हा:

१. नजर भिंतीकडे नाही, जिथे जायचं त्या रस्त्याकडे.
२. थ्रॉटल सोडू नका, २० टक्क्यांच्या आसपास धरून ठेवा. पूर्ण सोडलात तर मागची चाकं आणखी हलकी होतात.
३. उलट स्टिअरिंग द्या, लहान आणि चटकन. ४८८ च्या ४८० अंशांच्या चाकाला थोडं वळवणंही पुरतं.
४. गाडी परत यायला लागताक्षणी हात सरळ करा. ती सरळ झाल्यावर नाही, यायला लागताक्षणी.

चौथी पायरी चुकल्यानेच बहुतेक गाड्या जातात. पहिला झोका वाचवला, हात तसाच राहिला, आणि दुसऱ्या बाजूचा झोका गाडीला भिंतीवर घेऊन गेला.

गाडी रस्त्याला आडवी झालीच तर वाचवायचं सोडा आणि ब्रेक पूर्ण दाबा. थांबलेल्या गाडीला मागचे चुकवू शकतात, अंदाज न येता मागे-पुढे घरंगळणाऱ्या गाडीला नाही. शर्यतीत मागचे सगळे निघून जाईपर्यंत जागेवरच थांबा.

## टप्पा ९ : आता सेटअप

सलग दहा लॅप न फिरता, एकमेकांपासून अर्ध्या सेकंदाच्या आत आले, तरच इथे या. त्याआधी केलेला बदल चांगला की वाईट हे कळायला मार्गच नसतो, कारण बदलापेक्षा लॅपमधला फरकच मोठा असतो.

एका वेळी एकच बदल, मग चार लॅप. गाडी कुठे सुटते त्यावर काय बदलायचं ते ठरतं.

ब्रेक लावून वळताना सुटते. ब्रेक बायस पुढे न्या, अर्धा ते एक टक्का. जास्त पुढे गेलात तर पुढचे टायर एबीएसवर अडकून नाक वळणार नाही.

थ्रॉटल सोडल्यावर अस्थिर होते. डिफरन्शिअलचा (मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या भागाचा) प्रीलोड २० ते ३० न्यूटन मीटरने वाढवा. शेपूट शांत होतं, पण वळणात शिरताना गाडी थोडी जड वाटते.

वेगवान वळणात सुटते, मंद वळणात नाही. हा गाडीला खाली दाबून धरणाऱ्या हवेचा प्रश्न आहे. मागची विंग एकने वाढवा किंवा मागची उंची एक-दोन मिलिमीटरने कमी करा. मोंझावर विंगची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागते, म्हणून आधी उंची.

मंद वळणातून निघताना सुटते. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) एक पायरी मऊ करा. टीसी एकने वाढवता येतो, पण टीसी सतत लागत असेल तर जोर कापला जातो आणि वेळ जातो. सहावा टप्पा परत तपासा.

उतरवलेल्या सेटअपबद्दल: ते बहुधा मोंझावर १ मिनिट ४७-४८ सेकंदांत लॅप करणाऱ्यांनी स्वतःसाठी बनवलेले असतात. त्यांना ब्रेक ओढत नेताना शेपूट हलकं हवं असतं, कारण ते त्याच्यावरच गाडी वळवतात. १ मिनिट ५२ वर असलेल्या चालकाला तीच गाडी चालवता येत नाही. असा सेटअप घेतलाच तर टायरचे दाब स्वतःच्या सत्राच्या तापमानाला जुळवा, आणि वरचे चार बदल उलट दिशेने झालेत का ते पाहा.

## शर्यतीच्या पहिल्या लॅपला

टायर आणि ब्रेक पूर्ण तापलेले नसतात, टाकी भरलेली असते. सरावातली खूण विसरा, रेत्तिफिलोला ३० मीटर आधी ब्रेक लावा. समोर गाडी असेल तर आणखी थोडं आधी, कारण तिच्या मागच्या पोकळीत तुमचा वेग वाढलेला असतो आणि तुमच्या गाडीच्या पुढच्या भागावर हवा कमी येते, म्हणजे नाकही नेहमीएवढं वळणार नाही. तिच्या सरळ मागे न राहता अर्धी गाडी बाजूला सरका. हवा परत मिळते आणि ब्रेकची पाटी दिसते.

टीसी पहिल्या दोन लॅपपुरता एकने वाढवून ठेवा. टायरचे दाब २६ च्या वर गेले की तो परत खाली आणा.